अंगाबरहुकूम : एक प्रस्तावना

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात एक काळ असा होता, की घरात सायकल एकच असे आणि ती कोणाच्या मापाची आहे हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. वडील तिच्यावरून कचेरीत जात, थोरला भाऊ तिच्यावरून कॉलेजात जाई, संध्याकाळी दळणाचा डबा तिच्याच कॅरिअरला बांधला जाई. आणि दुपारी सारे घर निजले असता आठ-नऊ वर्षांचा धाकटा ती हळूच अंगणाबाहेर काढून, दांडीवरून पाय टाकणे शक्य नाही म्हणून दांडीखालून पाय घालून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या बगलेत सीट धरून, अंगाची कमान करून, अर्धे-अर्धे पायडल मारीत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येई. ती सायकल बहुधा बावीस इंची असे. घरात कोणी उंचापुरा असला तर चोवीस इंची. कपडे वाढत्या अंगाचे शिवावेत, हा आपल्या संसाराचा जुना शिरस्ता सायकलीलाही तसाच लागू केला जाई; फरक एवढाच की सदरा मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात, सायकलची दांडी दुमडता येत नाही.

त्या व्यवस्थेत फारसे कोणाचे बिघडले नाही, याचेही कारण आहे. ती सायकल ताठ बसून चालवण्याची होती. तिचे हँडल स्वाराकडे वळून येई, सीटखाली स्प्रिंगा असत, आणि जायचे अंतर घरापासून शाळेपर्यंत किंवा गावापासून बाजारापर्यंत, म्हणजे फार तर अर्ध्या-पाऊण तासाचे असे. अर्धा तास मनुष्यदेह कशाशीही जुळवून घेतो. तोच देह सहा तास एका चौकटीत बसवला म्हणजे मात्र तो आपली कैफियत मांडू लागतो, आणि ती ऐकून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्याकडे रोड बाईक आली आणि हा सहा तासांचा प्रश्न घरोघर उभा राहिला. पहाटे साताऱ्यात समर्थ मंदिरापासून निघून यवतेश्वरच्या घाटाला लागलेले आणि पुढे कासच्या पठारापर्यंत चढत जाणारे स्वार आता कोणाला नवे वाटत नाहीत. सांगलीतून मिरजेकडे, तासगावकडे, उसाच्या रानांमधून रांगेने जाणारेही वाटत नाहीत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा जुनी आहे आणि त्या शर्यतीचे वेड सांगली-मिरजेच्या तालमीत वाढलेल्या पोरांना पूर्वीपासून आहे. पण आता शर्यतीशी काडीचाही संबंध नसलेले शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कारकून, द्राक्षबागायतदार हेही दोनशे किलोमीटरांची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी) साडेतेरा तासांच्या आत, तीनशेची वीस तासांच्या आत आणि सहाशेची चाळीस तासांच्या आत पुरी करण्याचा संकल्प सोडतात. चाळीस तास! एवढा काळ ज्या वस्तूवर काढायचा, ती वस्तू विकत घेताना आपण रंग पाहतो, वजन पाहतो, गिअर किती हे विचारतो आणि माप मात्र दुकानदार जे पुढे करील ते घेतो, हे मला वर्षानुवर्षे खुपत आले आहे. रोड बाईक ही आपल्या घरात आलेली पहिलीच अशी सायकल आहे, की जी एकाच माणसासाठी असते. पुढील पानांतील कोष्टके, आकृत्या आणि सूचना या एका गोष्टीपोटी लिहिल्या गेल्या आहेत.

सायकल आणि माणसाची टांग यांचा हा संबंध आजचा नाही. १८७० च्या दशकात विलायतेत जी उंच चाकाची सायकल निघाली, तिला साखळी नव्हती. पायडल पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असे, त्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, आणि चाक जितके मोठे तितकी मजल अधिक. मग चाक किती मोठे घ्यावे याला मर्यादा एकच उरली, ती स्वाराच्या पायाच्या लांबीची. कोणाचे चाक पन्नास इंची, कोणाचे चोपन्न इंची. दुसऱ्याच्या सायकलवर बसून पायडल पुरत नाही म्हटल्यावर उतरण्यावाचून इलाज नसे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली, साखळीने मागचे चाक फिरू लागले, दोन्ही चाके जवळजवळ सारख्या उंचीची झाली आणि टांगेची सत्ता संपली असे सर्वांना वाटले. वास्तविक ती संपली नव्हती. चाकावरून उतरून ती चौकटीत जाऊन बसली होती. पण एकच सायकल वेगवेगळ्या उंचीची माणसे कशीबशी का होईना चालवू शकतात, हे त्या काळी एवढे मोठे सुख होते की या बदलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आमच्या भागात सायकल आली ती याच सुमारास. १८८८ साली, म्हणजे डनलॉपने हवेचा टायर काढला त्याच वर्षी, रामुअण्णा आणि लक्ष्मणराव या किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. त्यांनी मुंबईहून सायकली धाडायच्या आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, शिवाय गिऱ्हाइकाला त्या चालवायलाही शिकवायचे, अशी तजवीज होती. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाधिपतींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला आणि त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, जी आज सांगली जिल्ह्यात आहे. नांगर, पंप, इंजिने यांच्या त्या प्रचंड पसाऱ्याचा उगम सायकलीच्या दुकानात आहे, हे आमच्या जिल्ह्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. मला त्या हकिगतीत सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला सायकलवर बसते करण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती. ती वहिवाट पुढे मोडली. आजच्या दुकानात सायकल मिळते, पावती मिळते, पण ‘तुमचा पाय किती लांब?’ असे विचारणारा क्वचितच भेटतो.

मला स्वतःला हे उशिरा आणि अंगावर बेतल्यावर कळले. माझी पहिली रोड बाईक मी एका परगावच्या विक्रेत्याकडून वापरलेली घेतली. फ्रेम उत्तम स्टीलची, जोडकाम नितळ, किंमत माझ्या आवाक्यातली. तिच्यावर ५६ हा आकडा होता आणि त्याचा अर्थ मी विचारला नाही. ‘सीट खाली घेतली की बसते,’ असे विक्रेता म्हणाला, सीट खाली घेतली, आणि ती बसली. त्यानंतर एका रविवारी साताऱ्याहून सांगलीला जायला निघालो. कऱ्हाडपर्यंत काही विशेष वाटले नाही. पेठ नाक्यावरून आत वळल्यानंतर डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या, मग त्या अनामिकेत शिरल्या. हात झटकावा, पुन्हा धरावा, पुन्हा झटकावा, असे करीत आष्ट्यापर्यंत पोहोचलो. तिथे चहा घेतला. पैसे द्यायला खिशात हात घातला तर नाणे बोटांना लागत होते, पण ते नाणे आहे हे कळत नव्हते. दोन बोटांत धरून वर काढावे तर मधूनच निसटून जाई. शेवटी उजव्या हाताने डाव्या खिशातले पैसे काढून दिले. मान तर अशी आखडली होती की मागे वाहन आहे की नाही हे पाहायला सबंध धड वळवावे लागे.

सांगलीत एका जुन्या मिस्त्रींकडे सायकल नेली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. मला भिंतीला टेकून सायकलवर बसायला सांगितले, पायडल फिरवायला लावले, मग एका कोनाड्यातून गवंड्याचा ओळंबा काढून माझ्या गुडघ्यापासून खाली सोडला, आणि तो स्थिर होईतो काही बोलले नाहीत. नंतर माझ्या कोपराला खालून बोटाने हलकेच टिचकी मारली. कोपर हलले नाही. हात काठीसारखा ताठ होता. “साहेब, सायकल लाखात एक हाय,” ते म्हणाले, “पर ती तुमची न्हवं.” सीट खाली घेतल्याने माझे पाय पायडलापर्यंत पोहोचले होते, पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर जसेच्या तसेच राहिले होते, आणि ते माझ्या धडाला चार बोटे अधिक होते. त्यामुळे सारे शरीर हातांवर कलले, तळहाताच्या कडेवर भार आला, आणि तिथून जाणारी करंगळी-अनामिकेची नस तासन् तास दबली गेली. उंची जुळणे आणि लांबी जुळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि फसवणूक होते ती लांबीत, हे मला त्या ओळंब्याने शिकवले.

पुढे मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एकदा बसलो असता या गोष्टीचे मर्म मला अधिक स्पष्ट झाले. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या फरीदसाहेब या शिकलगारापर्यंत जाते. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले आणि आज मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथे तंबोरा करायला सांगणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, तो गाणारा कोण आहे हा. पुरुषी आवाजाच्या काळी एकला लावायचा मर्दानी तंबोरा वेगळा आणि बायकी आवाजाच्या काळी चारला लावायचा जनानी वेगळा. त्याप्रमाणे पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगातून भोपळा निवडला जातो, त्याच्या मानाने दांडी घेतली जाते, आणि मग बाकीचे काम. पुढे जन्मभर त्या वाद्यावर खुंट्या पिळाव्यात, मणी सरकवावेत, घोडीवर तारेखाली दोरा घालून जवारी काढावी, हे सगळे करता येते. पण भोपळा आणि दांडी एकदा ठरली की ठरली. मर्दानी तंबोऱ्याच्या खुंट्या कितीही पिळून त्याचा जनानी होत नाही, तार मात्र तुटते.

सायकलीचेही नेमके हेच आहे, आणि गंमत अशी की दांडीला दोन्हीकडे दांडीच म्हणतात. सीट वर-खाली होते, दोन-तीन सेंटीमीटर पुढे-मागे सरकते. हँडलला धरणारे स्टेम आठ सेंटीमीटरचे काढून अकराचे घालता येते. हँडल अरुंद-रुंद घेता येते. पायडल ज्याच्या टोकाला असते तो क्रँक १६५ मिलिमीटरचा, १७० चा किंवा १७५ चा मिळतो. या साऱ्या खुंट्या आणि मणी. फ्रेम म्हणजे भोपळा आणि दांडी. जो मनुष्य मोठी फ्रेम घेऊन अगदी आखूड स्टेमने ती आपल्याजवळ ओढू पाहतो, त्याला हँडल जवळ मिळते खरे, परंतु सायकल वळणावर चंचल होते, थोड्याशा हालचालीनेही पुढचे चाक झुकते, आणि पसरणी घाटाच्या उतारावर तो ब्रेक दाबीत, जीव मुठीत धरून खाली येतो.

आता मापाच्या भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या भाषेने पुष्कळ घोटाळा केलेला आहे. पूर्वी फ्रेमचे माप म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी, हा साधा व्यवहार होता. आपल्या बावीस इंची सायकलीचे बावीस इंच तेच. मात्र कोणी ते क्रँकच्या आसापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत धरी, तर कोणी दांडीच्या मध्यापर्यंत. दोहोंत एक-दोन सेंटीमीटरांचे अंतर पडे. दांडी जमिनीला समांतर होती तोवर हे निभले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज या इंग्रज रचनाकाराने ‘जायंट’ कंपनीसाठी मागे उतरत्या दांडीची आटोपशीर रोड बाईक केली, कारखानदारांना थोड्याच मापांत सर्व गिऱ्हाइके बसवता येतात हे दिसले, आणि सगळीकडे दांड्या कलत्या झाल्या. उभी नळी आखूड झाली, तिच्यावरचा आकडा नावापुरता उरला; कोणी ५४ म्हणतो, कोणी ‘मीडियम’ म्हणतो, आणि दोन कंपन्यांची ‘मीडियम’ एकमेकींशेजारी ठेवली तर एक दुसरीपेक्षा बोटभर लांब भरते.

यावर उपाय म्हणून दोन मापे रूढ झाली आहेत, ‘स्टॅक’ आणि ‘रीच’. क्रँकच्या आसातून एक ओळंब्याची उभी रेषा वर नेली आणि हँडल जिच्यात बसते त्या पुढच्या नळीच्या माथ्यापासून एक आडवी रेषा मागे आणली, तर क्रँकपासून त्या छेदबिंदूपर्यंतची उंची म्हणजे स्टॅक आणि छेदबिंदूपासून नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. या दोन आकड्यांत दांडी कलती की सरळ याचा प्रश्नच येत नाही, म्हणून ते खरे बोलतात. शर्यतीच्या धाटणीच्या ५४ मापाच्या फ्रेमचा स्टॅक ५४० मिलिमीटरांच्या आसपास असतो, तर लांब पल्ल्याच्या धाटणीच्या ५४ चा ५७० ते ५८०. आकडा तोच, पण हँडल तीन-चार सेंटीमीटर उंच. कंपनीच्या तपशीलपत्रात हे दोन्ही आकडे छापलेले असतात. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ते उतरवून घ्यावेत, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

स्वतःच्या अंगाची मोजणी त्याहून सोपी आहे, पण ती जमिनीच्या मोजणीइतक्याच काटेकोरपणे केली पाहिजे. सपाट शहाबादी फरशीवर, अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभे राहावे. दोन पायांत वीतभराहून किंचित कमी अंतर ठेवावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, त्याचा कणा वर करून, दोन मांड्यांमध्ये घालावे आणि सीटचा जेवढा दाब बसतो तेवढ्या दाबाने वर ओढावे. पुस्तकाची दुसरी कड भिंतीला काटकोनात लागली पाहिजे, यासाठी सुताराचा गुण्या हाताशी असला तर उत्तम. दुसऱ्या कोणीतरी पेन्सिलीने भिंतीवर खूण करावी. शिंप्याची कापडी पट्टी वापरू नये, ती ताणते. सुताराची पोलादी टेप घ्यावी. तीनदा मोजावे, कारण पहिल्या खेपेस संकोचामुळे पुस्तक पुरते वर जात नाही असा सर्वांचा अनुभव आहे.

माझी खूण ७८ सेंटीमीटरांवर पडली. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्याचा शिष्य, तीन वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकणारा ग्रेग लेमॉन्ड, यांच्या नावाने चालत आलेल्या हिशेबात या आकड्याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर निघते : ६८.९ सेंटीमीटर. हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ साली वेगळीच वाट धरली होती. पायडल सर्वांत दूर असता तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर टांगेच्या १०९ टक्के असावे, असे त्यांना आढळले. माझ्या बाबतीत ते ८५ भरते, त्यातून १७ सेंटीमीटरांचा क्रँक वजा केला की ६८. दोन भिन्न मार्गांनी निघालेल्या उत्तरांत एक सेंटीमीटराचाही फरक नाही, यावरून हाडांचा हिशेब किती प्रामाणिक असतो ते दिसते. आणि समांतर दांडीच्या जुन्या पद्धतीच्या फ्रेमसाठी टांगेला ०.६७ ने गुणावे, म्हणजे ७८ च्या टांगेला ५२. मी ५६ वर बसलो होतो.

ही सूत्रे उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात. आत जायचे ते स्वतःच्या शरीराला विचारीत. सीट फार उंच झाली तर पायडल मारताना कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्याच्या मागे दुखते. फार खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीपाशी, पुढून दुखते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात पंचवीस ते पस्तीस अंशांचा बाक उरावा. लांबीची परीक्षा याहून नाजूक आहे. हात ब्रेकच्या बोंडांवर ठेवले असता कोपरे किंचित मोडलेली असावीत, खांदे कानांकडे चढू नयेत आणि मिस्त्रींनी मारली तशी टिचकी मारताच कोपर हलले पाहिजे. फ्रेम आखूड असली तर पाठीला कुबड येते, सारा भार बैठकीवर येतो आणि गुडघे कोपरांच्या वाटेत येऊ लागतात. परंतु दोन मापांच्या मधोमध सापडलेल्या मनुष्याने कोणते घ्यावे असे मला विचाराल, तर मी नेहमी लहान माप सांगतो. लहान फ्रेमला सीट उंच करून, स्टेम लांब करून मोठे करता येते. मोठीला लहान करायला जागा फार थोडी असते.

याच ठिकाणी सातारा आणि सांगली यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो, आणि छापील परदेशी पुस्तके इथे आपल्या उपयोगी पडत नाहीत. साताऱ्याचा स्वार घरातून निघाला की चढावाला लागतो. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या दहा-बारा किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, वाऱ्याचा संबंध नाही, हात हँडलच्या माथ्यावर, छाती मोकळी, श्वास पोटापासून. त्याला उंच स्टॅकची, थोडी ताठ बसवणारी फ्रेम मानवते. पुण्याहून गोव्यास जाणाऱ्या सुमारे ६४० किलोमीटरांच्या ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यतीत महाबळेश्वरचा चढ सुरुवातीलाच येतो, तिथे ज्यांची फ्रेम लांब असते त्यांची पाठ पुढचे अंतर सुरू होण्यापूर्वीच थकलेली असते. सांगलीकडे चढ नाही, पण तिथे वाऱ्याचा चढ आहे. ढालगावच्या बाजूला, कवठेमहांकाळच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. त्या उघड्या रानात समोरून वारा लागला म्हणजे ताठ बसणे परवडत नाही, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलचा खालचा भाग धरून, छाती दांडीला समांतर करून तासन् तास राहावे लागते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. सांगलीकराला म्हणून जरा सखल आणि किंचित लांब फ्रेम चालते, नव्हे, कामाची ठरते. तरी एक अट आहे : खाली वाकण्याची ताकद कंबरेत हवी, गळ्यात नव्हे.

ती ताकद आहे की नाही हे पाहण्याचे साधन आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. किर्लोस्करवाडीला माळ देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले. त्यातली गुडघे न वाकवता तळहात भुईला टेकवण्याची जी स्थिती, तीच हँडलच्या उंचीची कसोटी आहे. ज्याचे तळहात सहज टेकतात त्याने हँडल सीटपेक्षा सात-आठ सेंटीमीटर खाली ठेवले तरी हरकत नाही. ज्याची बोटे नडगीच्या मध्यावरच थांबतात, त्याने शर्यतीची फ्रेम पाहून मोह धरू नये. लांब पल्ल्याची घ्यावी, हँडल सीटच्या बरोबरीने ठेवावे, आणि नमस्कार सुरू करावेत. सहा महिन्यांनी स्टेम उलटे करून हँडल खाली आणता येते.

ज्यांच्याविषयी मला सर्वांत अधिक काळजी वाटते ते उंचीने लहान स्वार, आणि त्यांत आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया येतात. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या मुलीला दुकानात ५० ची फ्रेम दाखवली जाते, सीट तळाला नेली जाते, पुढे सरकवली जाते, स्टेम आखूड केले जाते, आणि ‘सवय होईल’ असे सांगितले जाते. सवय होत नाही; दोन महिन्यांनी सायकल जिन्याखाली जाते आणि मुलगी समजते की हा खेळ आपला नव्हे. यात दोष तिचा नाही. रोड बाईकच्या चाकाची धाव सर्व मापांत सहसा तीच, ६२२ मिलिमीटर व्यासाची असते. फ्रेम लहान करता करता एक टप्पा असा येतो की पुढचे चाक आणि पायाचा चवडा यांना जागा पुरत नाही, मंदगतीने वळताना बूट चाकाला घासतो. ते टाळण्यासाठी कारखानदार पुढचा चिमटा अधिक तिरपा करतात आणि सीटची नळी अधिक उभी करतात. परिणामी कागदावर दांडी आखूड दिसली तरी हँडल जितके जवळ यायला हवे तितके येत नाही. अशा स्वारांनी आकड्याकडे पाहूच नये, फक्त रीच पाहावा, ३७० मिलिमीटरांच्या खालचा शोधावा, आणि न मिळाल्यास थोड्या लहान चाकांची सायकल घेण्यात कसलाही कमीपणा मानू नये. दुकानदारांनीही एखादे तरी सर्वांत लहान माप दुकानात ठेवावे. मागणी नाही म्हणून ठेवत नाही, असे ते म्हणतात; परंतु जे कधी पाहायलाच मिळाले नाही त्याची मागणी करणार कोण?

एकदा फ्रेम बरोबर मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. १९६९ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील ब्ल्वा येथील सायकल-शर्यतीच्या मैदानावर बेल्जियमचा विख्यात सायकलपटू एडी मर्क्स पडला, त्याच्या कमरेला इजा झाली, आणि पुढे तो जन्मभर सीटची उंची बदलीत राहिला; शर्यत चालू असताना खिशातून पाना काढून तो सीट मिलिमीटर-दोन मिलिमीटरने वर-खाली करी. त्यानंतर तीनच वर्षांनी मेक्सिकोत तासाला ४९.४३१ किलोमीटरांचा विक्रम त्याने केला तो अशाच, न जुळणाऱ्या देहाने. त्याच्याजवळ जगातले उत्तम फ्रेम बांधणारे कारागीर होते, म्हणून त्याला उरलेला फरक खुंट्या-मण्यांवर काढता आला. आपल्याला हे भाग्य नाही. आपल्याला भोपळा तरी बरोबर निवडता आला पाहिजे.

माझ्या त्या ५६ च्या फ्रेमचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मिस्त्रींकडे ती महिनाभर भिंतीला टांगलेली होती. मग तासगावकडचा एक मुलगा आला, ताडासारखा उंच, नुकताच महाविद्यालयात जाऊ लागलेला. त्याची टांग त्यांनी दुकानाच्या भिंतीवर मोजली : ८४. ओळंबा सोडला, कोपराला टिचकी मारली, कोपर हलले. सीट तेवढी वर घेतली आणि बाकी कशालाही पाना लावला नाही.